मॅक बाइंडिंग असताना एनएसी कशाला? उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेत मशिनिंगचा कारखाना आहे आणि वेंगुर्ला रस्त्यावर हद्दीपलीकडे शिनोळीला दुसरं युनिट. दोन्हीकडे मिळून अडीचशेच्या आसपास यंत्रं नेटवर्कवर आहेत: ऑफिसचे पीसी, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची बायोमेट्रिक यंत्रं आणि सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी) मशिनं. डीएचसीपी सर्व्हरवर (यंत्रांना नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, वाटणारा सर्व्हर) मॅक बाइंडिंग केलेलं आहे, म्हणजे ज्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) यादीत आहे त्याच यंत्राला आयपी मिळतो. तरी परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरनं शेरा मारला, की जोडल्या जाणाऱ्या यंत्राची ओळख पटवली जात नाही. विक्रेता एनएसी (जोडल्या जाणाऱ्या यंत्राची ओळख तपासून मगच नेटवर्कमध्ये सोडणारी व्यवस्था) घ्या म्हणतोय आणि कोटेशनचा आकडा मालकांच्या गळी उतरत नाही. मॅक बाइंडिंग का चालत नाही, आणि सीएनसीचं काय करायचं, असं विचारलं आहे.

आधी सरळ सांगतो. ऑडिटरचा शेरा बरोबर आहे. आणि त्या कोटेशनमधली मोठी पेटी तुम्हाला आत्ता लागत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

मॅक पत्ता ही ओळख नाही, ती गाडीची नंबरप्लेट आहे. कोगनोळी नाक्यावर केए-२२ आणि एमएच-०९ बघून गाडी कुठली ते कळतं, पण पाटी कुणीही रंगवून आणू शकतो. तुमच्या मीटिंग रूममधल्या प्रिंटरच्या मागं स्टिकर असेल बघा, त्यावर मॅक पत्ता छापलेला असतो. तो मोबाईलवर टिपायचा, लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘नेटवर्क ॲड्रेस’ म्हणून भरायचा, प्रिंटरची केबल काढून लॅपटॉपला लावायची. झालं, तुमचा डीएचसीपी सर्व्हर त्याला प्रिंटर समजून आयपी देणार. खरं तर एवढाही खटाटोप नको. डीएचसीपीचं बाइंडिंग फक्त आयपी मागणाऱ्याला अडवतं. ज्यानं आयपी हातानं टाकला त्यानं तुमच्या सर्व्हरला विचारलेलंच नाही, मग तो अडवणार कुणाला? स्विचच्या (यंत्रांच्या केबली जिथं येऊन जोडतात ती पेटी) पोर्टवरचं बाइंडिंग याहून थोडं बरं, पण तेही स्टिकरपुढे टिकत नाही.

वायफायवर तर ही यादी केव्हाच मोडीत निघाली. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, मनानं ठरवलेला मॅक पत्ता सांगतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात कार्डावर कोरलेला नव्हे, नंतर बनवलेला, एवढं ओळखता येतं. पण त्यानं माणूस ओळखता येत नाही.

आता ८०२.१एक्स, म्हणजे पोर्टवरच यंत्राची ओळख तपासायची पद्धत, एनएसीचा गाभा. हे मानक २००१ सालचं आहे, नवं काही नाही, आणि तुमच्याकडचे मॅनेज्ड स्विच बहुतेक ते आजच करत असतील. यात पोर्ट सुरुवातीला बंद असतो. केबल लावली की यंत्राला फक्त ओळख सांगण्यापुरतं बोलता येतं, बाकी एकही पॅकेट पुढे जात नाही. स्विच ती ओळख स्वतः तपासत नाही, मागच्या रेडियस सर्व्हरकडे पाठवतो. रेडियस ‘होय’ म्हणाला की पोर्ट उघडतो, आणि त्याच उत्तरात हे यंत्र कुठल्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा पाडलेला कप्पा) टाकायचं तेही येतं. म्हणजे अकाउंट्सचा लॅपटॉप शॉप फ्लोअरच्या सॉकेटला लावला तरी तो अकाउंट्सच्याच व्हीलॅनमध्ये जातो. पोर्टवर व्हीलॅन हातानं लिहीत बसायची कटकट यानं संपते, आणि एकट्या आयटीवाल्यासाठी माझ्या मते हाच मोठा फायदा आहे. सुरक्षा तर आहेच.

ओळख कशानं सांगायची, इथं बरेच जण घसरतात. विक्रेत्याचा माणूस सोपं म्हणून पासवर्डवाली पद्धत लावून देतो, पीईएपी आणि आत एमएसचॅप व्ही२. ती घेऊ नका. तिची मोडतोड डीईएस या जुन्या, कमकुवत कूटपद्धतीच्या एका किल्लीइतकीच कठीण आहे, हे २०१२ सालीच जाहीरपणे दाखवून झालंय. शिवाय विंडोज ११ च्या २२एच२ पासून एंटरप्राइझ आवृत्तीत क्रेडेन्शियल गार्ड (पासवर्ड जपणारी विंडोजची सोय) आपोआप चालू असतो, आणि त्यामुळे लॉगिनचा पासवर्ड आपोआप वापरून जोडणी होणं बंद पडतं. म्हणजे आज बसवलं तर उद्या तक्रारी. सरळ ईएपी-टीएलएस घ्या: प्रत्येक पीसीला स्वतःचं प्रमाणपत्र (डिजिटल ओळखपत्र), आणि त्याची खासगी किल्ली टीपीएम चिपमध्ये, जी बाहेर काढता येत नाही. विंडोज ११ चालणाऱ्या पीसीत टीपीएम असतोच. तुमच्याकडे डोमेन (सगळे पीसी आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची विंडोजची सोय) आहे म्हणजे विंडोज सर्व्हर आहे, म्हणजे प्रमाणपत्र देणारी सेवा आणि एनपीएस नावाचा रेडियस दोन्ही तुमच्याकडे आहेतच. ग्रुप पॉलिसीनं (डोमेनमधल्या सगळ्या पीसींना एकदम सेटिंग पोचवायची सोय) प्रमाणपत्रं वाटली जातात, कुणाच्या टेबलाशी जावं लागत नाही.

प्रमाणपत्र आधी यंत्राचं घ्या, माणसाचं नव्हे. नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर पीसीला नेटवर्क नसतं, आणि नवीन रुजू झालेल्या माणसाला पहिलं लॉगिनच करता येत नाही. दोन्ही एकत्र तपासायचे असतील तर टीईएपी ही पद्धत आहे, विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून चालतं. पण पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

एक सेटिंग मात्र कधीही सोडू नका. पीसीनंसुद्धा रेडियस सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायला हवं: कुठल्या मूळ प्राधिकाऱ्यानं दिलेलं आणि सर्व्हरचं नाव काय, दोन्ही पॉलिसीत लिहून ठेवा. हे मोकळं सोडलं तर गेटबाहेर तुमच्याच नावाचं वायफाय लावून बसणाऱ्याला तुमचे लॅपटॉप ओळखी दाखवत बसतील.

प्रमाणपत्रांच्या मागची दुखणी सहसा कोटेशनमध्ये लिहिलेली नसतात, म्हणून इथं जरा थांबतो. होनग्याकडच्या एका कारखान्यात वीज वाचवायची म्हणून कुणीतरी प्रमाणपत्र देणारा सर्व्हर बंद करून ठेवला. ‘रोज लागतोय कुठं?’ असा हिशोब. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी एकही पीसी आत येईना. झालं असं, की रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची जी यादी हा सर्व्हर काढतो, तिची मुदत सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक आठवडा असते. यादी जुनी झाली की रेडियस कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्या यादीची मुदत वाढवा आणि ती दोन ठिकाणी ठेवा. दुसरं दुखणं घड्याळाचं. मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपलेला पीसी लाईट जाऊन आली की कितीतरी वर्षं मागं जातो, आणि त्याच्या लेखी तुमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. नेटवर्क नाही म्हणून घड्याळ जुळत नाही आणि घड्याळ जुळत नाही म्हणून नेटवर्क नाही. बॅटऱ्यांचा एक पुडा टेबलाच्या खणात ठेवाच. तिसरं, मे २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं प्रमाणपत्र आणि डोमेनमधलं खातं यांची सांगड कडक केली, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती सक्तीची झाली. डोमेनमधून आपोआप वाटलेल्या प्रमाणपत्रांना त्रास नाही. हातानं किंवा दुसऱ्या वाटेनं काढलेली असतील तर ती आधी तपासून घ्या.

आता सीएनसी. खरं काम इथं आहे.

तुमच्या कंट्रोलरना, कॅमेऱ्यांना, बायोमेट्रिक यंत्रांना ८०२.१एक्स येत नाही असंच धरून चला. काही नव्या कॅमेऱ्यांना आणि प्रिंटरना येतं, तिथं जरूर वापरा. बाकीच्यांसाठी स्विच मॅक पत्ताच रेडियसकडे पाठवतो, याला एमएबी म्हणतात. तुम्ही म्हणाल, मग फिरून तिथंच आलो की! होय, आलो. फरक एवढाच, की आता त्या पत्त्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याला फक्त अरुंद वाट द्यायची. जे यंत्र स्वतःची ओळख सिद्ध करू शकत नाही, त्याला कामापुरतंच जाऊ द्या. सीएनसीला फक्त प्रोग्रॅम उतरवणारा डीएनसी सर्व्हर, कॅमेऱ्याला फक्त रेकॉर्डर, बायोमेट्रिकला फक्त हजेरीचा सर्व्हर. ड्रॉइंगचा सर्व्हर, ईआरपी (कारखान्याचा हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर), इंटरनेट यांतलं काही नाही. मग कुणी स्टिकर वाचून कॅमेऱ्याचं सोंग घेतलं तरी त्याला रेकॉर्डरपलीकडे काही दिसणार नाही. ऑडिटरलाही हेच दाखवायचं असतं. सगळी यंत्रं प्रमाणपत्रावर आहेत असं कुणीच दाखवू शकत नाही, आणि तो मुरलेला असेल तर तसं मागणारही नाही.

सोबत एक पहारा फुकटात मिळतो. यंत्र आयपी मागताना आपण कोण ते नकळत सांगून जातं, विंडोज तर ‘एमएसएफटी ५.०’ असंच लिहून पाठवतं. प्रिंटरच्या मॅक पत्त्यावरून अशी मागणी आली तर तो प्रिंटर नव्हे. डीएचसीपीच्या लॉगवर एवढा एक इशारा लावा.

शॉप फ्लोअरवर पहिल्या आठवड्यात काय मोडतं तेही सांगून ठेवतो. अनेक स्विचवर सुरुवातीचं सेटिंग असं असतं, की आधी ८०२.१एक्सची विचारणा करायची, तीस सेकंद थांबायचं, असं तीनदा, आणि मग मॅक पत्त्याकडे वळायचं. म्हणजे नव्वद सेकंद. लाईट आल्यावर मशिन त्याआधीच चालू होतं, आयपी मागतं, उत्तर येत नाही, कंटाळून स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. ऑपरेटरच्या दृष्टीनं ‘नेटवर्क गेलं’. तो मशिन बंद करून चालू करतो, आता पोर्ट उघडलेला असतो, म्हणून चालतं. मग कारखान्यात एक समजूत रुजते, की मशिन दोनदा चालू करावं लागतं. हा वेळ दहा सेकंदांच्या आत आणा, किंवा सीएनसीच्या पोर्टवर आधी मॅक आणि मग ८०२.१एक्स असा क्रम लावा.

याहून अवघड गिऱ्हाईक म्हणजे गप्प बसणारं यंत्र. जुना पीएलसी (मशिन चालवणारा छोटा नियंत्रक) हातानं दिलेल्या आयपीवर असतो आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. स्विच रीस्टार्ट झाला की स्विचला त्याचा मॅक पत्ता कळायला त्याच्याकडून एक तरी पॅकेट यायला हवं. तो बोलत नाही म्हणून पोर्ट बंद, पोर्ट बंद म्हणून त्याच्यापर्यंत विचारणा पोचत नाही. पोर्टवर फक्त आत येणारी वाहतूक अडवायची आणि यंत्राकडे जाणारी सोडायची, असं एक सेटिंग स्विचवर असतं. ते लावलं की विचारणा पोचते, पीएलसी बोलतो, गाडी रुळावर येते. हे माहीत नसलेल्यांनी अख्ख्या लाइनीवरचं ८०२.१एक्स काढून टाकलेलं मी पाहिलंय.

आणि मशिनच्या मागं टायनं बांधलेले ते आठ पोर्टचे साधे स्विच. सगळ्यांकडे असतात, तुमच्याकडेही असणार. ओळखीच्या चौकशीची पॅकेटं अशा स्विचनं पुढे नेऊ नयेत असाच नियम आहे. स्वस्तातले काही नेतात, काही नेत नाहीत. म्हणून त्यामागच्या लॅपटॉपचं प्रमाणपत्र कधी चालतं, कधी नाही. त्यात मुख्य पोर्टवर ‘पहिला आला की सगळ्यांना सोड’ असा मोड लावलेला असेल तर एका अधिकृत मशिनच्या आडून बाकी सगळे आत. प्रत्येक मॅक पत्ता वेगळा तपासणारा मोडच लावा. जमेल तिथं हे डबे काढून नवी केबल टाका, सगळ्या खर्चात हाच सार्थकी लागणारा.

मशिन दुरुस्तीला पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येणाऱ्या इंजिनिअरच्या लॅपटॉपचं काय? पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये फक्त इंटरनेट द्या. मशिनला जोडायचंच असेल तर कंपनीचा एक पीसी त्या कामासाठी ठेवा. त्याच्याकडच्या पेनड्राइव्हला हे सगळं शास्त्र काहीच करत नाही, हेही लक्षात असू द्या. तसंच ओळख पटली म्हणजे यंत्र निरोगी आहे असं नाही. प्रमाणपत्र असलेल्या पीसीवर रॅन्समवेअर आलं तर एनएसी त्याला अदबीनं आत सोडेल. आणि तारेवरचं ८०२.१एक्स जोडताना एकदाच विचारतं, अधिकृत पीसी आणि सॉकेटच्या मध्ये कुणी छोटी पेटी घुसवली तर पुढचं त्याला दिसत नाही. त्यावर मॅकसेक (तारेवरची वाहतूक कूटबद्ध करणं) हा उपाय आहे. तुमच्या आकाराच्या कारखान्यात मी त्यासाठी पैसे मागणार नाही.

चालू करताना क्रम असा ठेवा. सगळ्या पोर्टवर आधी मॉनिटर मोड: तपासणी होते, लॉगमध्ये नापास लिहिलं जातं, पण कुणाला अडवलं जात नाही. हे किमान एक पगाराचा महिना चालू ठेवा, कारण महिनाअखेरीलाच बाहेर निघणारी यंत्रं असतात. या काळात जी यादी हाती येते तीच सगळ्या कामाचा पाया. कपाटामागचा कुणाचातरी वायफाय राउटर, नोकरी सोडून गेलेल्याचा पीसी, कुणालाच माहीत नसलेला वजनकाटा, सगळं निघतं. नापासांची यादी रिकामी होत आली की आधी मीटिंग रूम आणि रिसेप्शनचे पोर्ट बंद मोडमध्ये न्या, मग ऑफिस, मग शॉप फ्लोअरची एकेक लाइन. उलट्या क्रमानं गेलात तर उत्पादन थांबेल, मालकांचा फोन येईल आणि संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत होईल, कायमचं.

शिनोळीचा विचार वेगळा करा. रेडियस बेळगावात आणि स्विच शिनोळीत, मधे एक फायबर. पावसाळ्यात रस्ता उकरला की ती तुटते. शिवाय दोन राज्यांची दोन वीज मंडळं, इथं लाईट आहे म्हणून तिथं आहे असं नाही. लिंक गेली तर आधीच आत असलेली यंत्रं चालू राहतात, पण नव्यानं जोडलेलं किंवा पुन्हा तपासणीला आलेलं यंत्र बाहेर राहतं. यासाठी स्विचवर ‘रेडियस मेला तर या व्हीलॅनमध्ये टाक’ असं सांगून ठेवता येतं. त्या व्हीलॅनला कामापुरत्याच परवानग्या द्या. त्याहून चांगलं म्हणजे शिनोळीत एक छोटा रेडियस. फ्रीरेडियस जुन्या पीसीवरही चालतो आणि परवान्याचा खर्च नाही.

त्या लिंकवरून रेडियस उघडा पाठवू नका. जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. मधे बसलेला माणूस सर्व्हरचा ‘नाही’ बदलून ‘होय’ करू शकतो, कारण जुन्या रेडियसची राखण एमडी५ या जुन्या, मोडीत निघालेल्या पद्धतीवर आहे. ईएपीला (वरच्या प्रमाणपत्रवाल्या तपासणीला) तिची बाधा नाही, पण एमएबीला आहे, म्हणजे नेमकी तुमची सीएनसी आणि कॅमेरे. स्विच आणि सर्व्हर दोन्हीकडे मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोप बदललेला नाही हे दाखवणारी खूण) सक्तीचा करा, आणि दोन युनिटांमधली वाहतूक आयपीसेकमधून, म्हणजे कूटबद्ध करून, न्या.

कोटेशनबद्दल. मोठ्या एनएसी उत्पादनांना मी नावं ठेवत नाही. हजारो यंत्रं, पाहुण्यांची रोजची ये-जा, वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच, असं असेल तिथं ती पैसे वसूल करतात. अडीचशे यंत्रांना एनपीएस पुरतो. यंत्रं ओळखणारा पडदा हवाच असेल तर पॅकेटफेन्स हे मुक्त सॉफ्टवेअर बघा. पैसे स्विचमध्ये घाला, आणि विक्रेत्याला एकच विचारा, की मॉनिटर मोडमधल्या महिन्याचं काम कोण करणार? त्याचा आकडा कोटेशनमध्ये नसेल तर ते तुमच्याच गळ्यात आहे.

रेडियसचे लॉग किमान १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढी मुदत आहे, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं बंधनही. घड्याळं जुळलेली असणं त्यातच येतं. ‘त्या रात्री या आयपीवर कोण होतं?’ याचं उत्तर सहा तासांत द्यायचं तर यंत्र, पोर्ट आणि वेळ एका ओळीत सापडायला हवी. आज तुमच्याकडे ती कुठंच लिहिली जात नाही.

राहिली रात्रपाळी. दोन वाजता कंट्रोलरचं कार्ड जळालं, मेंटेनन्सनं दुसरं बसवलं, तर नवीन मॅक पत्ता यादीत नाही आणि मशिन थांबलेलं. तुम्ही वडगावात घरी झोपलेले. अशा वेळी सुपरवायझरनं साधा स्विच जोडून आडवाट काढू नये, म्हणून सरळ वाट तुम्हीच करून द्या: त्याच्या लॉगिनवर एक छोटं पान, ज्यात तो नवीन मॅक पत्ता फक्त सीएनसीच्या यादीत आणि फक्त बारा तासांसाठी टाकू शकेल. सकाळी आल्यावर तुम्ही तो कायम करायचा किंवा काढायचा. त्या पानाची नोंद दर सोमवारी प्लांट हेडच्या सहीसाठी पाठवत जा.